भंगारातून घडलेले शिल्प : पिलू पोचखानवाला

चंडीगडजवळच्या पिंजौरचे उद्यान सतराव्या शतकात औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने उभारले, आणि त्यामागची चारबागेची, म्हणजे पाण्याच्या पाटांनी चार भाग पाडलेल्या बागेची, कल्पना मूळची इराणची आहे. आईनाकारी, म्हणजे आरशाचे बारीक तुकडे गिलाव्यात बसवण्याची कला, हीसुद्धा तिकडे शतकानुशतके चालत आलेली. तिला भौमितिक आकारांच्या आधुनिक शिल्पांत आणणाऱ्या मुनीर फरमानफरमायान यांच्या कामाचे स्वतंत्र संग्रहालय 2017 मध्ये तेहरानात उघडले.

त्यांच्याच पिढीतील पिलू पोचखानवाला (1923-1986) या मुंबईच्या पारशी समाजातल्या, म्हणजे धर्मरक्षणासाठी इराण सोडून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्यांच्या वंशातल्या होत्या. परंतु त्यांच्या हाताशी असा कोणताही घडीव शिल्पवारसा नव्हता. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्या जाहिरातक्षेत्रात काम करू लागल्या, आणि 1951 मध्ये युरोपात गेल्या असता तिथली आधुनिक शिल्पे पाहून त्यांनी हा मार्ग धरला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. मार्गदर्शन मिळाले ते मुंबईतील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स इमारतीवरील उत्थित शिल्पे घडवणाऱ्या एन. जी. पानसरे यांचे.

सुरुवातीच्या मानवाकृतींनंतर लाकूड, शिसे, अ‍ॅल्युमिनियम अशी माध्यमे हाताळत त्या यंत्रांच्या भंगाराकडे वळल्या, आणि इथे त्यांच्या कामाची जातच बदलली. दगड कोरताना शिल्पकार नको तेवढे काढून टाकतो, तर वेल्डिंगमध्ये, म्हणजे धातूचे तुकडे वितळवून सांधण्याच्या पद्धतीत, तो एकेक तुकडा जोडत जातो, त्यामुळे मधली पोकळीही आकाराइतकीच बोलू लागते, आणि टाकाऊ लोखंडाचा मूळ उपयोग पुसला जाऊन त्याचे वजन व ताण तेवढे उरतात. एका स्त्रीने जड लोखंड हाताळले याचेच कौतुक करीत राहणे हा या कामावर अन्याय ठरेल, कारण त्यातील खरे धाडस हातांपेक्षा नजरेचे आहे. हाजी अलीच्या चौकासाठी त्यांनी केलेले ‘स्पार्क’ हे शिल्प तर रोजच्या रहदारीसमोर उभे करण्यासाठीच होते. चंडीगडच्या 1976 मध्ये खुल्या झालेल्या रॉक गार्डनमध्ये, नेकचंद यांनीही टाकाऊ वस्तूंचाच आधार घेतला, मात्र त्यांना त्यांतून माणसे आणि प्राणी घडवायचे होते, तर पोचखानवाला आकृतीपासून दूर जात राहिल्या.

साठच्या दशकातील बॉम्बे आर्ट फेस्टिव्हलच्या आयोजनात त्या पुढे होत्या, आणि मुंबईतील सर कावसजी जहांगीर सभागृहाचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात रूपांतर व्हावे यासाठी त्यांनी केलेला पाठपुरावा त्यांच्या कोणत्याही एका शिल्पापेक्षा कमी मोलाचा मानता येत नाही. हे संग्रहालय 1996 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, सुरू झाले.