रुखवतात नसलेली भाकरी

अमेरिकेतल्या नामवंत कॉलेजांचे अर्ज भरायचे दिवस आले, की आपल्याकडच्या घरांतूनही एकच चिंता ऐकू येते: मुलाने अभ्यासाखेरीज काय केलं, ते दाखवायचं कसं? 'कॉमन अ‍ॅप' या सामायिक अर्जात अशा उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम दीडशे अक्षरं. या दहा जागा म्हणजे लग्नातलं रुखवत आहे. मांडलेल्या वस्तूंवरून मुलगी किती गुणाची, हे पाहुण्यांनी ठरवायचं. पूर्वी त्या वस्तू मुलगी आणि घरच्या बायका रात्री जागून करत. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. पण हाताचं असो की भाड्याचं, एक गोष्ट त्यात कधीच नसते. त्या मुलीने वर्षानुवर्षं घरासाठी थापलेली भाकरी! माझं आजचं सगळं बोलणं त्या भाकरीबद्दल आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं करणं, शाळा सुटल्यावर दुकानात गल्ल्यावर बसणं, ही कामं मुलांनी अर्जात लिहिली पाहिजेत आणि कॉलेजांनी ती मोजली पाहिजेत.

हे रुखवत मांडायची चाल कुठून आली, तेही पाहिलं पाहिजे. 1920 च्या दशकात हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी वाढू लागले, ते तिथले अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांना खुपत होतं. निव्वळ परीक्षेवर प्रवेश दिले तर ही मुलं येणारच, म्हणून 'चारित्र्य', नेतृत्व, खेळ असल्या कसोट्या पुढे आल्या. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने 2005 साली आपल्या ग्रंथात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. शंभर वर्षांनी चित्र काय आहे? राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांनी 2023 साली बारा अतिनामवंत कॉलेजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असले, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तिथे पोचतात. त्यामागची तीन कारणं त्यांनी दाखवली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांना दिलेलं वजन. म्हणजे रुखवत तपासताना ते कुणाच्या हाताचं, हे पाहिलं जात नाही. त्यावर किती खर्च झाला, तेच नकळत मोजलं जातं. घोडेस्वारी, नौकानयन, सुटीतली महागडी शिबिरं यांना पैसा लागतो, आणि मोकळा वेळ लागतो. ज्या मुलीची संध्याकाळ भाकरी थापण्यात जाते, तिच्याकडे दोन्ही नसतं.

यावर कुणी म्हणेल, मग फक्त गुणच बघा. पण गुणांनाही शिकवण्यांचा टेकू असतोच; शिवाय मनापासून तबला शिकणाऱ्या किंवा रोज पहाटे धावणाऱ्या मुलाची मेहनत खरी आहे, ती पुसून टाकण्यात न्याय नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: घरकामाचा दाखला कोण देणार, कुणीही काहीही लिहील. मान्य. पण दाखल्यांनी तरी कोणती खात्री दिली? 2019 साली अमेरिकेत प्रवेशाचा मोठा घोटाळा उघडकीला आला, तेव्हा कधी नावेत न बसलेली मुलं नौकानयनपटू म्हणून दाखवल्याचं निघालं. भाड्याचं रुखवत ते हेच. उलट, मूल रोज दुपारी घाईने घरी का पळतं, हे वर्गशिक्षकांना सहसा माहीत असतं, आणि शिफारसपत्र तेच लिहितात.

हे ऐकूनही घरोघरी रकाने भरायला नवा क्लास शोधला जाईल, पण त्याची गरज नाही. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून 2016 साली निघालेल्या अहवालाने उपक्रमांची संख्या नको, खोली बघा, आणि घरच्या जबाबदाऱ्यांना मान द्या, असं सुचवलं होतं. त्या सामायिक अर्जात उपक्रमाचा प्रकार निवडताना 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे पर्याय आहेत. ते अनेकांच्या नजरेतून सुटतात, किंवा दिसले तरी मुलं लाजतात, आणि आईवडीलच म्हणतात, हे काय लिहायचं असतं! एवढंच सांगतो: तुमच्या घरात असा अर्ज भरला जात असेल, तर आज रात्री मुलाशेजारी बसा आणि तो घरासाठी रोज काय करतो, ते त्याला आपल्या शब्दांत लिहू द्या. त्याला दीडशे अक्षरं पुरतात.