वार सांगा किंवा बेट सांगा



शिडाच्या बोटीवर राहणाऱ्यांकडे घरची माणसं यायची ठरली की फोनवर पहिला प्रश्न हमखास येतो, "कोणत्या तारखेला कुठे यायचं आणि कुठून परत निघायचं?" कॅरिबियन समुद्रात वर्षानुवर्षं बोटी चालवणाऱ्यांनी याचं उत्तर ठरवून टाकलं आहे. पाहुण्याला वार सांगावा किंवा बेट सांगावं, दोन्ही सांगू नये. मला हे पूर्णपणे पटतं.

आमची बोट हिवाळ्यात ग्रेनेडा आणि सेंट व्हिन्सेंट यांच्या मधल्या ग्रेनाडीन्स बेटांत असते. इथे जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. म्हणजे घरच्यांना बोलवायचं ते त्यानंतरच. मुलांना सुटी मिळते नाताळात, आणि नेमका तेव्हाच इथला वारा जोर धरतो. एरवी 15 ते 20 नॉट्सनं वाहणारा पूर्वेचा वारा 25 च्या वर जातो आणि कित्येक दिवस उतरत नाही. इथले लोक त्याला 'ख्रिसमस विंड्स' म्हणतात. अशा दिवसांत ग्रेनेडाहून उत्तरेला कॅरियाकू बेटाकडे निघालात, तर वारा जवळजवळ समोरून, अटलांटिकची लाट अंगावर आणि प्रवाह बोटीला पश्चिमेकडे ओढणारा. वाटेत किक-एम-जेनी हा समुद्राखालचा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या मुखापासून किमान दीड किलोमीटर दूर राहावं लागतं. ही वाट सवयीच्या माणसालाही दमवते. कालच विमानातून उतरलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी इथून नेणं मला अजिबात मान्य नाही.

म्हणून बोट आम्ही नवरा-बायको दोघंच आधी वर बेक्वे बेटावर नेऊन ठेवतो. पाहुणे विमानानं सेंट व्हिन्सेंटला उतरतात आणि तासाभराच्या फेरीबोटीनं बेक्वेला येतात. तिथून दक्षिणेला निघालं की वारा बाजूनं, कधी थोडा मागून मिळतो. शिडं भरतात, बोट एका बाजूला जराशी कलून नीट चालते, आणि माणसं गप्पा मारू शकतात. कष्ट यजमानानं आधी उरकावेत, पाहुण्याच्या वाट्याला सोपी दिशा यावी.

पहिली संध्याकाळ मात्र नांगरावरच काढायची. बोटीवरचं घर कसं चालतं ते त्या दिवशी समजावून द्यावं, न लाजता. संडासाचा पंप कसा मारायचा, त्यात काय टाकायचं नाही, गॅसची तोटी कुठे बंद करायची, सगळं. छोट्या होडीतून बोटीवर चढताना एकमेकांचं मनगट धरायचं, नुसती बोटं नाही. आणि पाय टाकायचा तो होडी लाटेवर वर आल्यावर. आमच्या टाक्यांत सगळं मिळून चारशे लिटर पाणी मावतं. सासूबाई, मामंजी आणि मुंबईच्या जाऊबाई आमच्याकडे आल्या तेव्हा जाऊबाईंना याची काळजी वाटली, सासूबाईंना मुळीच नाही. त्यांचं लहानपण गुहागरकडच्या अशा घरात गेलं, जिथे मे महिन्यात विहीर तळाला जायची. त्यांनी भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं घासली, मग तांब्याभर गोड्या पाण्यात सगळी विसळून काढली. मला म्हणाल्या, "अगं, एवढं पाणी म्हणजे चैन आहे."

बोट लागते त्याबद्दल थोडं सांगते. आतल्या कानाला हालचाल कळत असते आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. हा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. त्यामुळे खाली केबिनमध्ये पडून राहू नये. वर बसून क्षितिजाकडे बघावं. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि ज्याला बरं वाटत नाही त्याच्या हाती सुकाणू द्यावं. जाऊबाईंना दिलं, आणि मग त्या ते कुणाला परत करेनात!

मामंजींना मात्र तारखेचा ध्यास. "शुक्रवारी टोबॅगो केजला पोचतो ना?" असं ते रोज विचारायचे. शुक्रवारी वारा इतका होता की आम्ही मेरो बेटाच्या आडोशालाच थांबलो. तिथून केज अगदी समोर दिसतात, तरीही थांबलो. दुसऱ्या दिवशीही थांबलो. मग वारा बसला.

टोबॅगो केज म्हणजे पाच निर्मनुष्य बेटं आणि त्यांतल्या चार बेटांच्या पूर्वेला घोड्याच्या नालेच्या आकाराची प्रवाळाची रांग. तिच्यापलीकडे पसरलेला अटलांटिक. लाटा त्या प्रवाळावर फुटतात, वारा मात्र तसाच येतो. त्यामुळे भर समुद्रात नांगर टाकूनही बोटीखालचं पाणी सपाट. बाराडाल बेटाजवळ उथळ पाण्यात समुद्री गवत आहे आणि तिथे हिरवी कासवं चरायला येतात. सासूबाई लाइफ जॅकेट घालून, माझा दंड घट्ट धरून, मास्क लावून पाण्यात वाकल्या. खाली एक कासव मान पुढे काढून गवत तोडत होतं, पाठीवर शेवाळ धरलेलं. ते श्वासासाठी वर आलं, आमच्या बाजूलाच डोकं बाहेर काढलं आणि परत गवताकडे गेलं. आम्ही हात लावला नाही, मागेही गेलो नाही. हे संरक्षित सागरी उद्यान आहे आणि तो नियम सगळ्यांनी पाळायचा आहे.

तिथून युनियन बेट, मग कॅरियाकू. मध्ये देश बदलतो, त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन एकीकडे निघाल्याचा, दुसरीकडे आल्याचा शिक्का घ्यायचा. तोवर बोटीवर पिवळा झेंडा, शिक्का अजून व्हायचा आहे याची खूण. या दोन्ही बेटांची 1 जुलै 2024 रोजी बेरिल वादळानं दाणादाण उडवली, बहुतेक घरांची छपरं गेली. म्हणून पाहुण्यांना घेऊन आम्ही मुद्दाम तिथेच उतरतो, तिथलीच भाजी, पाव, मासळी घेतो. बोटीतच सगळं शिजवून पुढे निघून जाणं बरोबर नाही. कॅरियाकूच्या विंडवर्ड गावात लाकडी होड्या बांधण्याची जुनी परंपरा आहे. ते समजल्यावर मामंजींनी तिथल्या सुताराला आपल्याकडच्या होड्यांबद्दल इतकं सांगितलं, की शुक्रवार त्यांना परत आठवलाच नाही.

तुमच्यापैकी कुणाची मुलं, भावंडं अशी बोटीवर राहत असतील आणि बोलावत असतील, तर जरूर जा. सामान घडी होणाऱ्या मऊ पिशवीत न्या, चाकांची कडक बॅग ठेवायला बोटीत जागा नसते. आणि परतीचं तिकीट काढताना शेवटच्या बेटावर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.