पहिल्या वर्षाची मुलगी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर मी या व्यासपीठासमोर सतरंजीवर बसत आले. फार तर चहाच्या कपांची मोजदाद माझ्याकडे असे. या खेपेला चिटणीसबाईंनी आज्ञा केली, "वहिनी, यंदा तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "अहो, माझी शाळा सातवीला संपली. मी काय बोलणार?" तर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात जे झालं तेवढंच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकेल तिथे सांभाळून घ्यावे.

विषय आहे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींचा. ती कसल्या घरांतून येतात, त्यांच्या सवयी काय, त्यांना कॉलेजातून हवे काय, आणि आपल्या गल्लीतले हे चित्र देशाच्या चित्राशी कितपत जुळते, एवढेच मला सांगायचे आहे. आकडे माझ्या थोरल्या लेकीने वाचून दाखवले आणि मी ते वहीत उतरवून घेतले.

२०२४ च्या जूनमध्ये आमची थोरली बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. त्या दिवशी मी दारात रांगोळी काढली, शेजारी पेढे वाटले. मला वाटले, आपले काम झाले. बारावीपर्यंत पोचवली, आता ती आणि तिचे कॉलेज.

आपल्यासारखी घरे या देशात थोडीथोडकी नाहीत. आपल्या सरकारची उच्च शिक्षणाची एक पाहणी २०१०-११ या वर्षापासून होत असते. तिच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशात ४ कोटी ३३ लाख मुलेमुली उच्च शिक्षण घेत होती, आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली होत्या. २०१४-१५ मध्ये मुलींचा हाच आकडा १ कोटी ५७ लाख होता. सात वर्षांत ५० लाख मुली वाढल्या! यांतल्या किती जणींच्या आया माझ्यासारख्याच सही करताना पेन जपून धरणाऱ्या असतील, याचा विचार मनात आला आणि मला एकटे वाटेनासे झाले.

१८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशी प्रमाण धरले, तर २०२१-२२ मध्ये देशात शंभरी २८ जण उच्च शिक्षणात होते. महाराष्ट्रात ३५, म्हणजे आपण देशाच्या पुढे. पण तामिळनाडूत ४७ होते. आणखी एक गोष्ट ऐकून मला वाईट वाटले. देशभराचा हिशेब केला तर मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा किंचित जास्तच भरते. केरळात तर मुली पुष्कळच पुढे आहेत. सावित्रीबाईंच्या आपल्या महाराष्ट्रात मात्र अजून मुलगेच थोडे पुढे आहेत. असे का व्हावे? याचे पूर्ण उत्तर मला देता येणार नाही. पण त्याचा एक तुकडा मला माझ्याच स्वयंपाकघरात सापडला, तो सांगते.

पहिल्या सहामाहीचा निकाल जानेवारीत लागला. हल्ली निकाल मोबाइलवर येतो, त्यामुळे घरी कागद येत नाही. पंधरा दिवस ती काही बोलली नाही. जेवण कमी झाले, म्हणून मी जिऱ्याचे पाणी करून देत होते! एका रात्री भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "आई, मी दोन विषयांत नापास झालेय. कॉलेज सोडते. शिवणाच्या क्लासला जाते."

माझा राग अनावर झाला. "तिथे बसून करतेस काय? मोबाइल बघतेस?" असे मी बोलून गेले. तिने उत्तर दिले नाही. भांडी पालथी घातली आणि दिवा मालवून झोपली.

दुसऱ्या दिवशी धुणे वाळत घालताना माझ्या मनात आले, की ही अभ्यास करते तरी केव्हा? मी शोध घ्यायचे ठरवले. दिनदर्शिकेचे जुने पान उलटे केले आणि आठ दिवस, कोणाला न सांगता, घरातली कामे कोण किती वेळ करते ते टिपत गेले. पहाटे साडेपाचला पाणी येते, ते भरणे लेकीकडे. डबे, केर, संध्याकाळच्या भाकऱ्या, रात्रीची भांडी, सासूबाईंचे औषधपाणी यांतही तीच. आठव्या दिवशी बेरीज केली. लेक रोज सरासरी पावणेचार तास कामात. दहावीतला धाकटा मात्र आठ दिवसांत तीनदा स्वतःचे ताट उचलून मोरीत ठेवून गेला, आणि त्याबद्दल मी त्याला शाबासकीही दिली होती. आणि कॉलेज व कामे उरकून ती वही उघडी तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असत. त्यात बारावीपर्यंत सारे मराठीतून शिकलेली आणि आता पुस्तके इंग्रजीत. एका पानाला एक तास लागे.

पुढे तिच्या कॉलेजात पालकांची सभा झाली. तिथल्या एका प्राध्यापक बाईंनी सांगितले, की २०१९ मध्ये सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकामुली त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय शंभर पुरुषांत घरकामाला हात लावणारेच सव्वीस. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे माझे दिनदर्शिकेचे पान आणि देशाचा अहवाल एकच गोष्ट सांगत होते! सभेत बसल्या बसल्या माझे कान तापले.

त्या रात्री मी ते पान सर्वांसमोर ठेवले. हे गप्प राहिले. मला भीती सासूबाईंची होती. "मुलीच्या जातीला काम आलंच पाहिजे," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पण त्या पान हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी शाळा कशानं सुटली गं?"

मी सांगितले, "गावात सातवीपर्यंतच होती. हायस्कूल सहा किलोमीटरवर. आई म्हणाली, तू गेलीस तर पाणी कोण आणील?"

"मग?" सासूबाई म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून भाजी निवडणे आणि चिरणे त्यांनी आपल्याकडे घेतले. धाकट्याला पहाटेच्या पाण्याला लावले. पहिले चार दिवस त्याने आदळआपट केली, पण पाणी भरले. यांनी रात्रीचा ओटा पुसायला घेतला. अजून नीट जमत नाही, पण मी मागून पुन्हा पुसत नाही. लेकीला संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळाले.

आता अपेक्षेचे सांगते. अमेरिकेत १९६६ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली देत आले. पुढे ते काम लॉस अँजेलिसच्या विद्यापीठाकडे गेले. घर कसे, आईवडील किती शिकलेले, अभ्यास किती करता, आयुष्यात काय महत्त्वाचे वाटते, असे त्यात विचारतात. सुरुवातीच्या वर्षांत शंभरातील ऐंशीहून अधिक जणांनी जीवनाचा अर्थ समजून घेणे महत्त्वाचे मानले होते. पुष्कळ पैसा मिळवणे महत्त्वाचे मानणारे निम्म्याहूनही कमी होते. पन्नास वर्षांनी, २०१५ च्या सुमारास, पैसा म्हणणारेच ऐंशीच्या वर गेले. ऐकून मला वाटले, श्रीमंत देशातल्या मुलांनाही पोटाची काळजी लागली, तर आपल्या मुलांना लागली यात नवल काय? पण त्याहून मनाला लागले ते हे, की तिथे मुलांना कोणी तरी विचारते. मी माझ्या लेकीला कधी विचारले होते?

माझी अपेक्षा, पदवी झाली की स्थळ चांगले येईल. यांची अपेक्षा, लगेच नोकरी लागेल. तिला मी विचारले तेव्हा ती आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, मला प्रयोगशाळेत काम करायचंय. पाण्यात काय काय असतं ते तपासायचं. आपल्याकडे पावसाळ्यात गढूळ पाणी येतं ना, ते." रोज पहाटे ती तेच पाणी भरत होती, आणि तिच्या डोक्यात हे चालले होते! मला पत्ता नव्हता.

आता निकाल सांगते. दोन विषयांपैकी एक सुटला. दुसरा डोक्यावर घेऊन ती दुसऱ्या वर्षाला गेली. त्याला एटीकेटी म्हणतात, हेही मी तेव्हाच शिकले. पुढे काय होईल ते तिच्या हाती आहे. पण शिवणाच्या क्लासचा विषय पुन्हा निघाला नाही. शिवण वाईट नाही, माझाच संसार त्यावर सावरला आहे. पण ते तिने हौसेने निवडावे, हरून नव्हे.

भगिनींनो, जुलै २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागासवर्गीय घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. मोठी गोष्ट झाली. आमच्या बी.एस्सी.ला ती लागू नाही, पण आपल्यापैकी काही घरांना लाभ झाला आहे. मात्र फी माफ झाली तरी भांडी माफ झालेली नाहीत. ती सरकार माफ करू शकत नाही. ते आपल्याच हाती आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली विनंती प्रत्येकीला. ज्यांच्या घरी पहिल्या वर्षाची मुलगी आहे, त्यांनी आठ दिवस एक पान लिहून बघावे. कोणावर रागवू नये, फक्त लिहावे. आणि मुलीला एकदा विचारावे, "तुला काय व्हायचंय?"

दुसरी विनंती मंडळाला. आपले सभागृह पापडाचे काम आटोपल्यावर दुपारी चारपासून कुलूपबंद असते. टेबले आहेत, दिवे आहेत, पंखे आहेत. चार ते सात ते मुलींच्या अभ्यासासाठी उघडे ठेवावे. आपल्यातील निवृत्त शिक्षिकांनी आठवड्यातून दोन दिवस इंग्रजीची अडचण सोडवावी. किल्ली मी सांभाळीन. केर काढायचे कामही माझ्याकडे राहील, मुलींकडे नाही.