एआय कामाला लावण्याआधी



नोव्हेंबर २०२२ मधली गोष्ट. कॅनडातल्या एका माणसाची आजी वारली. व्हँकुव्हरहून टोरोंटोला जायचं होतं, म्हणून त्याने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला विचारलं, नातेवाईक वारल्यावर भाड्यात जी सवलत असते, ती कशी मिळते? चॅटबॉटने सांगितलं की तिकीट काढल्यापासून ९० दिवसांत अर्ज केला तरी चालेल. कंपनीचा नियम वेगळाच होता. प्रवास झाल्यावर ही सवलत मागता येत नव्हती. चॅटबॉटवर विसंबून भरलेल्या जास्तीच्या भाड्याचे पैसे परत मिळेनात, तेव्हा प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी लवादाकडे गेलं. चॅटबॉटने दिलेल्या माहितीला आपण जबाबदार नाही, असा कंपनीच्या बचावाचा रोख होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळला. संकेतस्थळावर जे काही सांगितलं जातं त्याची जबाबदारी कंपनीचीच, असा निकाल देऊन व्याज आणि खर्चासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले.

रक्कम फार मोठी नाही. पण त्या माणसाचा प्रश्न बघा. तो आडवळणाचा नव्हता, विमान कंपनीला नेहमी विचारला जाणारा होता. असे शे-दोनशे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरं आधी लिहून काढून ते प्रश्न चॅटबॉटला विचारले असते, तर ही चूक गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याआधी सापडण्याची दाट शक्यता होती. आज मला बोलायचं आहे ते या परीक्षेबद्दल. आपल्या दुकानात, कारखान्यात, कार्यालयात एआयचं साधन घेण्याआधी त्याची परीक्षा कशी घ्यायची?

बहुतेक ठिकाणी काय होतं? विक्रेता येतो, लॅपटॉप उघडून प्रात्यक्षिक दाखवतो. साधन झरझर उत्तरं देतं, सगळे खूश होतात आणि पैसे भरले जातात. महिन्याभराने विचारलं तर उत्तर येतं, ‘हो, बराच वेळ वाचतोय असं वाटतं.’ या ‘वाटतं’वर विसंबू नका. अमेरिकेतल्या ‘मीटर’ नावाच्या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रॅमर आणि २४६ कामं. कुठल्या कामाला एआय वापरायचं आणि कुठल्या नाही, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. कामं झाल्यावर प्रोग्रॅमर म्हणाले, एआयमुळे आमचा २० टक्के वेळ वाचला. घड्याळ पाहिलं तर एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता! यावरून एआय सगळीकडे वेळ खातं असं ठरत नाही, संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. पण आपल्या कामात मुरलेल्या माणसांनाही स्वतःचा वेळ वाचला की गेला, हे नुसत्या अंदाजाने सांगता आलं नाही. म्हणून मोजायचं.

मोजायचं कसं? समजा, कोल्हापूर जिल्ह्यात तुमचं शेतीपंप आणि पाइपचं दुकान आहे, आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायला तुम्हाला एआय लावायचं आहे. गेल्या दोन महिन्यांतले खरे मेसेज काढा. विक्रेत्याचे नमुने नकोत, तुमच्या गिऱ्हाइकांचेच हवेत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या चुकांसकट. कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं असेल, कुणी नुसता आवाज पाठवलेला असेल आणि मागे ट्रॅक्टरची घरघर असेल. ‘साडेसातची मोटर आहे, विहीर ऐंशी फूट, किती इंची पाइप घालू?’ यावर जाणता दुकानदार आधी विचारतो, पाणी किती लांब न्यायचं आहे? साधन असं उलटं विचारतं, की लगेच आकडा ठोकून देतं? ‘परवा नेलेला स्टार्टर जळला, बदलून मिळेल का?’ इथे तुमच्या दुकानाचा नियम सांगायला हवा. इंटरनेटवरचा कुठला तरी सांगून चालणार नाही. ‘आमच्या भावकीतल्या अमक्याची उधारी किती राहिली?’ याचं उत्तर मुळीच देता कामा नये. तुम्ही ठेवतच नाही अशा मालाबद्दलही विचारून पाहा. ‘मला माहीत नाही, दुकानात फोन करा’ हेच ज्यांचं बरोबर उत्तर आहे, असे प्रश्न यादीत मुद्दाम घाला. या साधनांची खरी खोड तिथे कळते, कारण माहीत नसलं तरी ती अनेकदा ठामपणे उत्तर रचून देतात.

बरोबर उत्तरं काउंटरवरच्या सगळ्यात जुन्या माणसाकडून आधीच लिहून घ्या. हे ‘आधी’ फार महत्त्वाचं. साधनाचं गुळगुळीत उत्तर एकदा वाचलं की ‘हेही चालेल की’ असं मन म्हणायला लागतं. किती चुका चालतील तेही आधीच ठरवा, आणि सगळ्या चुका एका मापाने मोजू नका. दुकान आठला उघडतं की नऊला, यातली चूक भरून निघते. वॉरंटीचं खोटं वचन भरून निघत नाही. माझ्या मते पैसे, वॉरंटी आणि विजेच्या जोडणीबद्दलच्या प्रश्नांत एकही चूक खपवून घेऊ नये.

शितावरून भाताची परीक्षा करायची आपली सवय. इथे ती उपयोगाची नाही, कारण या भातात एक शीत शिजलेलं आणि शेजारचं कच्चं असू शकतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर बदलू शकतं. म्हणून प्रत्येक प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारा. आणि तीस प्रश्नांत एकही चूक झाली नाही म्हणून हुरळून जाऊ नका. संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक ठोकताळा आहे. एकही चूक सापडली नाही, तर तीनला प्रश्नांच्या संख्येने भागायचं; येणारा आकडा म्हणजे चुकांच्या प्रमाणाची ढोबळ वरची मर्यादा. तीस प्रश्न निर्दोष गेले तरी चुकीचं खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. तीनशे निर्दोष गेले, तर १ टक्क्यापर्यंत. रोज दोनशे मेसेज येत असतील, तर १ टक्का म्हणजे दिवसाला दोन चुकीची उत्तरं, महिन्याला साठ.

विक्रेता म्हणेल, आमची अचूकता अमुक टक्के आहे. कुणाच्या माहितीवर, हे विचारा. जंतुसंसर्गामुळे जीवघेणी गुंतागुंत होण्याचा धोका ओळखणारं ‘एपिक’ कंपनीचं एक साधन अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरात होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्याच रुग्णांवर तपासलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापला. अशी गुंतागुंत झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण त्या साधनाच्या नजरेतून निसटले होते. कंपनीने सांगितलेली अचूकता प्रत्यक्षात आढळलेल्या अचूकतेपेक्षा बरीच जास्त होती.

परीक्षेसाठी गिऱ्हाइकांचे मेसेज देताना नावं, फोन नंबर, हिशेब काढून टाका. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास त्याहून जुना आहे. लेखी परीक्षेत साधन उतरलं, तरी पहिले काही आठवडे उत्तर थेट पाठवू देऊ नका. साधनाने मसुदा करावा आणि माणसाने वाचून पाठवावा. किती मसुदे दुरुस्त करावे लागले याची नोंद ठेवा. दुरुस्तीचा वेळही हिशेबात धरा.

आणखी एक. ही साधनं आतून बदलत राहतात. कंपनी नवी आवृत्ती आणते आणि काल बरोबर आलेलं उत्तर आज चुकू शकतं. बदल करण्याआधी कळवण्याची अट विक्रेत्याकडून लेखी घ्या, आणि प्रत्येक बदलानंतर तीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवून घ्या.

या कामाला संगणकाचं शिक्षण लागत नाही. तुमचा धंदा तुम्हाला जितका कळतो तितका कुठल्याही कंपनीला कळत नाही, म्हणून ही प्रश्नपत्रिका तुम्हीच काढायची आहे. येत्या रविवारी तासभर बसा, फोनमधले गिऱ्हाइकांचे प्रश्न एका वहीत उतरवा आणि समोर उत्तरं लिहा. विक्रेत्याला त्यानंतर बोलवा.