ऋतुविकार आणि गोळ्यांचा विवेक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले व जन्मभर मुलांना धडे दिलेले शिक्षक आहोत. तथापि, ज्या विषयावर घरात कोणी बोलत नाही, त्याचा निर्णय अखेर औषधाच्या दुकानात होतो, म्हणून आज हे धाडस करीत आहोत. आपल्या जिल्ह्यातील मुरुडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत खटले सोसून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून अशा विषयांवर लिहिले. आपण घटकाभर ऐकण्यास संकोचू नये.

गौरी-गणपती जवळ आले की कोकणात कित्येक घरांना एकच चिंता पडते. सून ऐन सणात 'बाहेर' बसली, तर नैवेद्य कोणी करावा? मग पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या येतात. डॉक्टरांस विचारलेले नसते. पुष्कळदा सुनेसही विचारलेले नसते.

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. शरीरातील प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवते. ते उतरले की अस्तर सुटून पाळी येते. गोळी त्याच्यासारखेच काम करते, आणि ती थांबविल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. हे द्रव्य १९५१ साली मेक्सिकोत सिद्ध झाले. तेथील ज्या रानकंदापासून त्या काळी अशी संप्रेरके बनवीत, तो आपल्या करांद्याच्याच कुळातला. करांदे खाऊन मात्र विकार बरा होत नाही. कंदातील द्रव्याचे संप्रेरक प्रयोगशाळेतच होते. अमेरिकेत १९५७ साली या औषधास मान्यता मिळाली, ती ऋतुविकारांसाठी. म्हणजे हे मूळचे आजारी स्त्रीचे औषध आहे; सणाची सोय नव्हे.

विपरीत असे की, सणासाठी बेधडक गोळ्या देणारे घरच खऱ्या रुग्णास त्या नाकारते. मुलीच्या अंगावरून सात दिवसांहून अधिक जाते, तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागतो, घाटी चढताना धाप लागते. तरी "लग्नाची मुलगी, हार्मोन नकोत" असे म्हणून तिला गप्प बसविले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अतिस्राव हे त्याचे एक मोठे कारण होय. रक्त तपासून, सोनोग्राफी करून, योग्य मात्रेत दिलेल्या संप्रेरकांनी व लोहाच्या गोळ्यांनी पुष्कळ जणी सुधारतात.

उपचार टाळता टाळता दुसरे टोक गाठले जाते, ते 'पिशवी काढण्याचे'. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची २०१९ साली शासकीय पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे मजुरी बुडू नये, हेही त्यामागचे एक कारण होते. तेथे उसाचा फड, येथे देवघर. स्त्रीच्या देहापेक्षा दुसऱ्याच कशाची सोय पाहण्याचा प्रकार एकच.

गोळी निरुपद्रवीही नव्हे. ज्यांच्या शिरांत पूर्वी रक्ताची गाठ झाली, ज्यांना यकृताचा गंभीर विकार वा स्तनाचा कर्करोग आहे, ज्या गर्भवती असण्याचा संभव आहे, त्यांनी ती घेऊ नये. या गोळ्या पाळी पुढे ढकलतात म्हणून गर्भही रोखतात, असे समजू नये. गोळी चालू असता एक पाय सुजून दुखू लागला, छातीत कळ आली, धाप लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पाळी कायमची गेल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसले, तर ते गोळीने दाबू नये. आधी तपासणी व्हावी, कारण त्यामागे कर्करोग असू शकतो.

भगिनींनो, पाळीची तारीख व दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा. डॉक्टरांस तोच पहिला पुरावा. आणि सासूबाईंस व घरच्या कर्त्या पुरुषांस आमची विनंती अशी : गौर आपल्याकडे माहेरवाशीण म्हणून येते. तिच्या स्वागतासाठी घरच्या लेकीसुनेस तिच्या इच्छेविरुद्ध औषध चारणे शोभत नाही. नैवेद्याची पाळी एखादे वर्षी पुरुषांनी घ्यावी. देव उपाशी राहणार नाही.