संख्या आणि तिचें लेखन

किराणा दुकानदाराच्या वहींत ‘३०७’ असें लिहिलेलें असतें, तेव्हां पाहणारास तेथें एकच गोष्ट दिसते. वास्तविक तेथें दोन गोष्टी आहेत : तीनशें सात ही संख्या, आणि तीन, शून्य, सात हीं कागदावरचीं चिन्हें. संख्यांची बेरीज होते. चिन्हें केवळ एकापुढें एक मांडतां येतात. माणूस हा भेद विसरूनहि सहसा चुकत नाहीं. संगणकाला आज्ञा देणारा प्रोग्रॅमर मात्र तो विसरला, तर हिशेब बिघडतो.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनींत जेम्स गॉसलिंग व त्यांचे सहकारी यांनीं घडविलेली आणि १९९५ सालीं प्रसिद्ध झालेली ‘जावा’ ही संगणकाची भाषा या बाबतींत पाहण्यासारखी आहे. तींत अक्षरांच्या माळेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. स्ट्रिंग ही ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे आपलें काम जाणणारी वस्तु आहे. तिला लांबी विचारली असतां ती सांगते. ‘इंट’ ही साधी पूर्णांक संख्या तशी नव्हे. ती केवळ ३२ बिटांचें मूल्य. तिला स्वतःला कांहीं विचारतां येत नाहीं. म्हणून तिला लेखी रूप देण्याचें काम ‘इंटिजर’ नांवाच्या क्लासकडे सोंपविलें आहे. त्याच्या ‘टूस्ट्रिंग’ या मेथडच्या हवालीं संख्या केली, कीं स्ट्रिंग परत मिळते.

या कामाचें मूळ शाळेंतल्या भागाकारांत आहे. ३०७ ला १० नें भागलें, कीं बाकी ७ व भागाकार ३०. पुन्हा भागलें, कीं बाकी ० व भागाकार ३. तिसऱ्या खेपेस बाकी ३ आणि काम संपलें. शेवटचा अंक आधीं हातीं येतो, म्हणून चिन्हें उजवीकडून डावीकडे मांडीत जावयाचें. प्रत्येक अंकांत ४८ मिळविले, कीं त्या अंकाच्या चिन्हाचा सांकेतिक क्रमांक येतो. ७ चा ५५.

इंटची मर्यादा उणे २१४७४८३६४८ पासून २१४७४८३६४७ पर्यंत आहे. ऋण टोकाची संख्या धन करूं गेल्यास ती एकानें मर्यादेबाहेर जाते. यास्तव उलट युक्ति योजतां येते : धन संख्येलाच ऋण करून भागाकार करावयाचा.

खरा धोका पुढेंच आहे. जावामध्यें अधिकचें चिन्ह संख्यांची बेरीज करतें, पण एका बाजूस स्ट्रिंग असली कीं जोडणी करतें. ‘एकूण’ या शब्दापुढें अधिक २ अधिक ३ असें लिहिलें, तर बिलावर ‘एकूण ५’ न येतां ‘एकूण २३’ येतें. दोन व तीन कंसांत घातले, तरच पांच मिळतात. पांच रुपयांच्या जागीं तेवीस छापतांना यंत्र कसलीहि तक्रार करीत नाहीं. ती ग्राहकालाच करावी लागते. तसेंच स्ट्रिंग म्हणून क्रम लाविला, तर ‘१०’ हा ‘९’ च्या आधीं बसतो, कारण तेथें पहिल्या चिन्हाची तुलना पहिल्या चिन्हाशीं होते.

उलट दिशेनेंहि चूक होते. परीक्षेचा आसनक्रमांक ‘००४२’ संख्या म्हणून सांठविला, तर परत येतांना तो ‘४२’ होऊन येतो. पुढचीं शून्यें गेलीं तीं गेलींच. नऊनें सुरू होणारा दहा अंकी मोबाइल क्रमांक तर इंटमध्यें मावतच नाहीं. परंतु मोबाइल क्रमांकांची बेरीज कोण करतो? ज्याची बेरीज-वजाबाकी करावयाची, ती संख्या. ज्याची करावयाची नाहीं, तें लेखन. एवढी कसोटी आरंभींच लाविली, तर बहुतेक चुका टळतात.

मराठी वाचकाला यांत आणखी एक मौज आहे. देवनागरींत लिहिलेले ‘४२’ वाचून जावा बेचाळीस ही संख्या बिनचूक ओळखते. मात्र टूस्ट्रिंगकडून तीच संख्या इंग्रजी अंकांत बाहेर येते. देवनागरी अंक हवे असल्यास ४८ च्या ठिकाणीं २४०६ मिळवावे लागतात. भागाकार तोच, बाक्या त्याच. बदलतो तो केवळ पोशाख. बेचाळीस ही संख्या मराठीहि नाहीं आणि इंग्रजीहि नाहीं. भाषा आहे ती तिच्या लेखनाला.