मान आणि इमान : ‘भाऊबंदकी’तील राघोबा

खांडव्याकडून येणारी गाडी बऱ्हाणपूरला थांबते, तेव्हा प्रवासी उतरतो तो वस्तुतः लालबागेत. शहर तेथून काही अंतरावर, तापीच्या काठी. मोगली अमदानीत येथे बाग होती, तिचेच नाव या वस्तीला पडले. अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पोटातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरास पुरविण्याची जी योजना झाली, तिच्या विहिरींची तोंडे या भागात आजही पाहावयास मिळतात. उत्तरेकडे जाणारी वाट असिरगडाच्या पायथ्याशी जाते. या गडाला जुने लोक दक्षिणेचा दरवाजा म्हणत. हा दरवाजा १७६० साली, उदगीरच्या विजयानंतर, बऱ्हाणपूरसह मराठ्यांच्या हाती आला.

त्यानंतर चौदाच वर्षांनी, १७७४ साली, एक मराठी फौज दक्षिणेकडून बऱ्हाणपुरास आली आणि नर्मदेकडे निघून गेली. मुलूख जिंकावयास ती निघालेली नव्हती. तिचा धनी पेशवाईची वस्त्रे अंगावर असूनही पुण्यास जाऊ शकत नव्हता, आणि त्याच्या पाठीवर होती ती पुण्याचीच फौज. हा धनी म्हणजे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा. ज्याच्या नावाने मराठी भाषेत ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, तोच हा पुरुष.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणले, तेव्हा या पुरुषाची कथा सर्वांना पाठ होती. नारायणराव पेशव्यांचा खून कोणी केला, हे ठाऊक नसलेला प्रेक्षक त्या काळी सापडला नसता. मग लोक पाहावयास काय जात होते? काय घडले हे ठाऊक असताना ते कसे घडू शकले, हे पाहावयास जात होते. ग्रीक नाटककारांचा प्रेक्षकही राजा ईडिपसची कथा घरून ऐकूनच येत असे. शोकांतिकेला रहस्याची गरज नसते, माणसाची असते.

आणि माणूस मोठा होता, हे आधी मान्य केले पाहिजे. १७५८ साली राघोबादादांनी लाहोर घेतले आणि मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत निजामाला धूळ चारताना ते पुतण्या माधवराव यांच्या खांद्यास खांदा लावून उभे होते. शौर्याची वाण त्यांना नव्हती. वाण होती ती निराळ्याच गोष्टीची. आपल्याहून वयाने लहान असलेल्याच्या हाताखाली राहण्यातही मान असू शकतो, हे त्यांना कधी उमगले नाही.

याच्या उलट माधवरावांचे वर्तन पाहावे. १७६२ साली काका-पुतण्यांत उघड लढाई जुंपली. भाऊबंदकीचा लाभ निजामाला होतो आहे असे दिसताच तो सतरा वर्षांचा पेशवा आपण होऊन काकांच्या छावणीत गेला आणि त्यांच्या स्वाधीन झाला. राज्य वाचावे म्हणून त्याने स्वतःचा मान खाली ठेवला, आणि तो कमी होण्याऐवजी वाढला. पुढे १७६८ साली धोडपला काकांचा पराभव करून त्याने त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले, परंतु त्यांच्या जिवाला धक्का लावला नाही. क्षयाने पोखरलेल्या माधवरावांनी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला देह ठेवला. मरणापूर्वी धाकट्या नारायणरावाचा हात त्यांनी काकांच्या हाती दिला, असे सांगतात.

खरा विश्वासघात समजावयाचा असेल, तर हा हातात दिलेला हात ध्यानात ठेवला पाहिजे.

मराठीत ‘ध चा मा करणे’ असा एक वाक्प्रचार आहे. नारायणरावास ‘धरावे’ असे राघोबांनी लिहून दिले आणि आनंदीबाईंनी त्यातील ‘ध’चा ‘मा’ केला, ही आख्यायिका त्याच्या मुळाशी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, तुंबलेल्या पगारासाठी म्हणून गारदी शनिवारवाड्यात घुसले. जीव घेऊन धावलेल्या पुतण्याने काकांच्या कमरेला मिठी मारली, आणि त्या मिठीतच सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार यांनी त्याला तोडले. नारायणरावाचे वय तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्याने काकांना घातलेली हाक लोकांच्या स्मृतीतून अद्याप गेलेली नाही. वाड्यात रात्री ती ऐकू येते असे सांगणारे पुण्यात आजही भेटतात.

अक्षर बदलल्याची ही कथा खरी की खोटी, हा वाद इतिहासकारांनी करावा. ती लोकांना इतकी का आवडली, हा प्रश्न त्याहून अधिक बोलका आहे. ती आवडली, कारण तिने एका पुरुषाला वाचविले. सारे पाप एका बाईच्या बोरूवर ढकलले की अटकेचा वीर नुसता भोळा ठरतो, बायकोच्या आहारी गेलेला ठरतो, फार तर दुबळा ठरतो. आपल्याकडे घराघरांत हेच चालत आलेले आहे. भावाभावांचा वाटा फुटला की दोष बाहेरून आलेल्या सुनेचा! खाडिलकरांची आनंदीबाई महत्त्वाकांक्षी आहे, तिच्या वाणीला धार आहे, तिला पाहून अनेकांना लेडी मॅक्बेथची आठवण झाली. परंतु नाटककाराने तिच्या आडोशाला राघोबाला लपू दिले नाही, हे या नाटकाचे मोठेपण होय.

कारण क्षणभर धरून चालू की कागदावर ‘धरावे’ एवढेच होते. तरी काय उरते? मरत्या पुतण्याने ज्याचा हात आपल्या हाती दिला, त्यालाच भाडोत्री गारद्यांकरवी धरावे, असे चुलत्याने लिहून द्यावयाचे! विश्वासघात ‘मा’पाशी घडलेला नाही, तो ‘ध’पाशीच पुरा झाला. पुढचे अक्षर कोणाचेही असो. तलवार उपसलेल्या माणसांच्या हाती आपण मूल देतो आणि मग ‘इजा करू नका’ असे सांगितले होते म्हणतो, तेव्हा आपण कोणाला फसवीत असतो? गारद्यांना तर खासच नव्हे.

राघोबा या व्यक्तिरेखेची खरी कसोटी खुनानंतर लागते. आता त्याला हवे ते मिळण्याजोगे आहे. साताऱ्याहून वस्त्रे येणार, मुजरे होणार. एकच गोष्ट राहिली आहे, आणि ती रामशास्त्री प्रभुण्यांजवळ आहे. पेशव्यांच्या दरबारातील हा न्यायाधीश या पापाला प्रायश्चित्त कोणते सांगतो? शास्त्री एकच सांगतात : देहान्त. त्यावाचून दुसरे नाही. आणि अशा धन्याच्या कारभारात राहावयाचे नाही म्हणून ते पुणे सोडून जातात. मराठी माणसाच्या मनात या प्रसंगाने घर केले आहे. १९४४ साली प्रभात कंपनीने रामशास्त्र्यांवर बोलपट काढला, तोही याच तेजाच्या आकर्षणाने.

हा प्रसंग पाहताना टाळी पडते ती शास्त्रीबुवांना, आणि ती योग्यच आहे. परंतु त्या क्षणी राघोबाकडे पाहिले पाहिजे. तो प्रायश्चित्त विचारतो, याचा अर्थ त्याचे मन मेलेले नाही. निर्ढावलेला खुनी प्रायश्चित्त विचारीत नाही. राघोबाला मात्र पाप धुऊन हवे आहे आणि पापाने मिळालेली गादीही हवी आहे. काही दाने द्यावी, काही ब्राह्मणभोजने घालावी, एखादी यात्रा करावी आणि सकाळी पुन्हा मसनदीवर बसावे! पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांच्यामधले अंतर त्याला ओलांडवत नाही. ख्रिस्तचरित्रात गुरूला नाकारणारा पेत्र आहे आणि गुरूला विकणारा यहूदाही आहे. दोघांनाही पस्तावा झाला. पेत्र रडला आणि नाकारलेल्या गुरूकडेच परत गेला. यहूदाने चांदीची नाणी मंदिरात फेकून दिली आणि गळफास घेतला. राघोबाकडून यांतले काहीच होत नाही. त्याची मूठ नाण्यांवर मिटलेलीच राहते आणि तो रडतही राहतो.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’शी येथे तुलना केल्यावाचून राहवत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९०च्या सुमारास त्याला ‘झुंझारराव’ या नावाने मराठी वेष दिला. तो सेनापतीही राघोबासारखाच रणांगणावर धीट आणि घरात आंधळा. त्याचाही कान दुसऱ्याने भरला, त्याच्याही हातून निरपराध जीव गेला. परंतु सत्य कळताच त्याने स्वतःचा न्याय स्वतः केला. त्याची अब्रू मरताना का होईना, त्याला परत मिळाली. खाडिलकरांना ही सोय नव्हती. इतिहासाने त्यांचे हात बांधले होते, कारण राघोबादादा या खुनानंतर दहा वर्षे जगले. नायकाच्या मृत्यूने संपणारी शोकांतिका लिहिणे तुलनेने सोपे. ज्याला मरण सांगितले गेले आणि जो जगत राहिला, अशा माणसाची शोकांतिका लिहावयाची म्हणजे त्याचे जगणेच शिक्षा म्हणून दाखवावे लागते. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर नानासाहेब फाटकांनी राघोबा आणि दुर्गाबाई खोट्यांनी आनंदीबाई उभी केली. नव्या पिढीला या दोन भूमिकांची ओळख झाली ती त्या प्रयोगांतून.

नाटकाचा पडदा पडल्यावर त्या शिक्षेचा उर्वरित भाग इतिहासात वाचावयास मिळतो, आणि बऱ्हाणपूरची वाट त्यातच येते. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर सुरक्षित नेले आणि तिच्या नावाने कारभार हाती घेतला. मार्च १७७४मध्ये कासेगावला राघोबादादांनी त्र्यंबकराव पेठ्यांना हरविले, पण त्या विजयाचा उपयोग काय? पुण्याची वाट त्यांना मोकळी झाली नाही. ते उत्तरेस वळले. १८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांचा होताच पेशवा झाला. चाळिशीला टेकलेला, अटकेपर्यंत ज्याचा धाक होता असा सेनापती पाळण्यातल्या मुलापुढे हरला होता.

शिंदे-होळकर मदतीला येतील या आशेने दादा बऱ्हाणपूरवरून माळव्यात उतरले. आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून ते गुजरातेकडे गेले. त्याच किल्ल्यात जानेवारी १७७५मध्ये दुसरा बाजीराव जन्मला. मार्चमध्ये सुरतेला दादांनी इंग्रजांशी तह केला आणि गादीच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले.

वसई! १७३९ साली पोर्तुगीजांकडून ती कोणी घेतली होती? चिमाजी अप्पांनी, म्हणजे राघोबांच्या सख्ख्या चुलत्याने. किती माणसे त्या तटाखाली पडली! चुलत्याने रक्त देऊन मिळविलेली वसई पुतण्याने सहीने देऊन टाकली, आणि तीही स्वतः चुलता असून पुतण्याला न वाचविल्यावर. ‘इमान’ हा शब्द एकदा घरात मोडला की तो राज्यात शाबूत राहत नाही. नारायणरावाचा हात ज्याने सोडला, त्याला वसई सोडताना कितीसे जड गेले असेल?

१९०९च्या प्रेक्षकाला हे सारे जुने वाटले नसावे. सुरतेच्या काँग्रेसमध्ये १९०७ साली दोन तट पडले होते, आणि ‘केसरी’चे संपादक मंडालेच्या तुरुंगात होते. त्याच ‘केसरी’त लिहिणाऱ्या नाटककाराने ‘भाऊबंदकी’ हे नाव निवडले, यात योगायोग मानण्याचे कारण नाही.

१७८२च्या सालबाईच्या तहाने राघोबादादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. ते गोदावरीकाठी कोपरगावास जाऊन राहिले आणि डिसेंबर १७८३मध्ये तेथेच वारले. ज्या मानासाठी सारे केले, त्याची एवढी मासिक किंमत ठरली.

धारच्या किल्ल्यात जन्मलेला मुलगा पुढे पेशवा झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यानेही इंग्रजांशी तह केला, आणि तोही नेमका वसईस. सोळा वर्षांनी, पराभवामागून पराभव घेत, तो बऱ्हाणपूर-असिरगडच्या मुलखात आला. बाप ज्या मुलखातून मदत शोधीत गेला होता, त्याच मुलखात धुळकोटनजीक ३ जून १८१८ रोजी मुलगा सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला वर्षाला आठ लाखांची नेमणूक आणि गंगाकाठचे बिठूर मिळाले. बापाप्रमाणेच नदीचा काठ आणि बांधलेली रक्कम.

असिरगड पुढच्या वर्षी, एप्रिल १८१९मध्ये, इंग्रजांनी तोफा लावून घेतला. लालबागेच्या स्टेशनात उतरणारा प्रवासी बहुधा ताजमहालाच्या मुमताजची पहिली कबर कोठे होती, हे विचारतो. ती तापीपलीकडे जैनाबादेत होती, आणि रिक्षावाला त्याला तेथे नेतो. राघोबादादांची वाट कोणी विचारीत नाही.